आमच्या गाडीतली चिमणी

आमच्या गाडीत चिमणी आहे, हे प्रथम आमच्या हिच्या लक्षात आलं. लक्ष्मी रोडवरून आमची गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. (लक्ष्मी रोडवर मुंगीच तेवढी आमच्या पुढे जात असे.) एकाएकी ही म्हणाली, "अहो, गाडीत चिमणीने घरटं केलंय वाटतं." कान देऊन ऐकलं तर खरंच खालून कुठून तरी चिंव चिंव चिंव असा आवाज येत होता. गाडी थांबली की चिमणी गप्प. गाडी हलली की तिचं पुन्हा सुरू. घरी येऊन मी सीट उचलून पाहिली, डिकी उघडून पाहिली. डिकीत एक मोडकी छत्री आणि दोन वाळक्या आंब्याच्या कोयी सापडल्या. पीस म्हणून एक सापडलं नाही.

ही १९८३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाडी १९६६ सालची, म्हणजे सतरा वर्षांची, आणि मी तिचा तिसरा मालक. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही. जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. दोष कोणाचा होता ते सांगायला मला अजून बरंच पुढे जावं लागेल, कारण तेवढा धीर एकदम येत नाही.

चिमणीचा पत्ता दोन दिवसांनी कात्रजच्या घाटात लागला. आधी खालून कुणी घण घालतंय असा आवाज झाला आणि मग इंजिन तर चालू, पण गाडी जागची हलेना. वाकून पाहिलं तर गाडीच्या पोटाखाली असतो तो लांबलचक लोखंडी दांडा एका बाजूने सुटून रस्त्याला टेकला होता. मालट्रकला दोर बांधून आमची वरात नाना पेठेत आमच्या मिस्त्रींच्या दारात आली. त्यांनी खाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "क्रॉस गेला साहेब. हा जायच्या आधी असाच चिमणीसारखा बोलतो. ग्रीस कधी मारलं होतं?"

ग्रीस हा पदार्थ गाडीच्या पोटात असतो आणि तो माणसाने अधूनमधून घालायचा असतो, ही माहिती मला नवीन होती.

आता हा क्रॉस म्हणजे काय ते सांगतो. त्या वेळी आपल्याकडे धावणाऱ्या ॲम्बॅसडर, फियाट अशा गाड्यांत इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असे. मधे हा दांडा; मिस्त्री लोक त्याला प्रॉपेलर म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स सांगाड्याला बांधलेले, पण मागची चाकं पाट्यांवर टांगलेली, खड्ड्यागणिक वरखाली उडणारी. तेव्हा दांड्याला दोन्ही टोकांशी सांधा लागतो. तो वाकला पाहिजे आणि वाकलेला असतानाही फिरला पाहिजे. एका बाजूने एक दुबोटी चिमटा, समोरून दुसरा, आणि दोघांच्या बोटांत अडकवलेला अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, तोच हा क्रॉस. त्याच्या चारी टोकांवर टोपणासारखे चार कप बसतात आणि प्रत्येक कपात सुयांसारखे बारीक रोलर असतात. त्या सुयांचं ग्रीस वाळलं की गंज धरतो, तांबडी पूड होते आणि गाडीत चिमणी येते.

मिस्त्रींनी दोन्ही टोकांचे क्रॉस बदलले. चिमणी उडाली. सतरा वर्षांनी एक भाग गेला, म्हाताऱ्या गाडीला तेवढं चालायचंच.

त्यानंतर १९८४ च्या फेब्रुवारीत क्रॉस पुन्हा गेला. जूनमध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये पुन्हा. ह्या खेपांना चिमणीबरोबर आणखी एक लक्षण होतं. ताशी पन्नासच्या पुढे गेलं की सीटखालून गुदगुल्या होत. मुलांना ते फार आवडे. "बाबा, अजून जोरात!" असं ती ओरडत, आणि मी मोठ्या गाडीतली काही खास सोय दाखवावी तसा वेग वाढवत असे.

जूनमध्ये मात्र माझा संयम सुटला. मी मिस्त्रींना चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुम्ही डुप्लिकेट माल घालता." मिस्त्री काही बोलले नाहीत. कानाखालचा घाम त्यांनी हातातल्या वेस्टने पुसला, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला, आणि ते दुसऱ्या गाडीकडे वळले. मजुरीतले पंधरा रुपये मी रागाने कापून घेतले आणि घरी येऊन हिला सांगितलं की, आज एकाला चांगला धडा शिकवला. पुढची दुरुस्ती मी एका मोठ्या गॅरेजात करून घेतली. तिथे गणवेश होते, छापील पावती होती आणि बिल तिप्पट होतं. तिथला क्रॉस सहा आठवडे चालला.

त्याच सुमारास आमच्या शेजाऱ्यांकडे मारुती आली. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० दिल्लीत मालकाच्या हाती पडली होती, आणि ज्यांचा नंबर लागला ते लोक लॉटरी लागल्यासारखे हिंडत होते. शेजाऱ्यांनी मला मुद्दाम वाकवून गाडीचं पोट दाखवलं. "दांडाच नाही! पुढचीच चाकं ओढतात." मी रोगी माणसाने पहिलवानाकडे बघावं तसा त्या सपाट पोटाकडे बघत राहिलो. (पुढे चारपाच वर्षांनी त्यांचीही गाडी वळणावर कट-कट-कट बोलायला लागली. पुढच्या चाकांना सांधे असतातच, त्यात गोळ्या असतात, आणि वरचं रबर फाटून धूळ गेली की त्याही रडतात. तो सांधा १९२६ साली फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनीयरने शोधला. पण हे मी शेजाऱ्यांना सांगितलं नाही. थोडा आनंद आपल्यापुरता ठेवावा.)

दांडा नसलेली गाडी घेणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा दांडा समजून घेणं भाग होतं. मी दर शनिवारी ग्रंथालयात जाऊन यंत्रांच्या इतिहासाची जाड पुस्तकं चाळायला लागलो. मिस्त्रींची लबाडी शास्त्राधारे सिद्ध करायची, हा उद्देश.

पहिला भेटला तो कार्दानो. फ्रान्स-जर्मनीत ह्या दांड्याला अजून कार्डानच म्हणतात. जिरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) हा इटलीतला वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि पट्टीचा जुगारी. फाशांच्या खेळावर त्याने गणिती पुस्तक लिहिलं, ते तो गेल्यावर १६६३ साली छापलं गेलं. त्याने प्रत्यक्ष येशू ख्रिस्ताची कुंडली मांडली आणि त्यापायी १५७० साली धर्मपीठाने त्याला तुरुंगात टाकलं असं सांगतात. स्वतःच्या मरणाची तारीखही त्याने वर्तवली होती आणि ती खरी व्हावी म्हणून जेवण सोडलं, अशी आख्यायिका आहे. आमच्याकडचे ज्योतिषी इतके निष्ठावान नसतात.

हा एवढा थोर माणूस, पण सांधा त्याचा नव्हे. १५५० च्या ग्रंथात त्याने एकात एक अडकवलेल्या कड्यांची टांगणी सांगितली आहे, काहीही हललं तरी आतली वस्तू सरळ राहते ती. तीही आपण शोधली असं तो म्हणत नाही. म्हणणार कसा? तशी धूपदाणी चीनमध्ये त्याच्या कित्येक शतकं आधी लोक अंथरुणात ठेवत, निखारा न सांडता. तिसऱ्या घाताच्या समीकरणाची गोष्ट तर उलटीच. ती युक्ती तार्ताल्या नावाच्या गणित्याने त्याला १५३९ साली शपथेवर सांगितली होती. कार्दानोने ती १५४५ साली छापली. तार्ताल्याचं नाव देऊन छापली, तरी तो बिचारा जन्मभर शिव्या देत राहिला. तार्ताल्याची युक्ती कार्दानोच्या पुस्तकात, आणि भलत्याच कोणाचा सांधा कार्दानोच्या नावावर! नावं चिकटण्याचा हा हिशेब मला काही उलगडला नाही.

मग १६६४ साली गास्पार शॉट ह्या जर्मन जेझुइट पाद्र्याने आपल्या ग्रंथात आमचा हा चिमटे-क्रॉसचा सांधा नीट दिला, आणि सांगितलं की एका बाजूने जेवढ्या चालीने फिरवाल तेवढ्याच चालीने दुसरी बाजू फिरते. वाचताना मला यात काही वावगं दिसलं नाही. शॉटलाही दिसलं नव्हतं.

ज्याला दिसलं तो रॉबर्ट हूक. शाळेत स्प्रिंगला वजनं टांगून ज्याचा नियम आपण पाठ केला, तोच. जन्म १६३५ चा, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरचा, गरीब पाद्र्याचा मुलगा. पाठीत वाकलेला, प्रकृतीने तोळामासा. रोजनिशीत डोकेदुखी, रेच आणि कॉफीच्या दुकानातल्या गप्पा. लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६२ पासून त्याला काम होतं, दर बैठकीला नवे प्रयोग करून दाखवायचे. १६६६ च्या आगीत लंडन जळल्यावर शहराची मोजणीही त्याच्याकडे आली. हातात इतकी कामं की एक पुरं होण्याआधी दुसरं, आणि मग कोणी तेच पुरं केलं की हा म्हणणार, हे आधी मी केलं होतं! घड्याळाच्या कमानीवरून हायगेन्सशी भांडण, गुरुत्वाकर्षणावरून न्यूटनशी भांडण. आज त्याचं म्हणून खात्रीचं एक चित्रही शिल्लक नाही. आमच्या गल्लीत असे दोन गृहस्थ आहेत, पण त्यांच्या तक्रारी खोट्या असतात. हूकच्या पुष्कळशा खऱ्या होत्या.

ह्या हूकने १६७६ साली सूर्य पाहण्याच्या यंत्रांवर एक छोटं पुस्तक काढलं. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती. त्या पुस्तकात हा सांधा आहे, आणि त्याचं 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नावही तिथेच लिखित स्वरूपात पहिल्यांदा आढळतं. शॉटची चूक त्याने ओळखली होती. सांधा वाकलेला असला की फेरा एकसारखा पलीकडे जात नाही. पाव फेरा घाईत जातो, पुढचा पाव रेंगाळतो, पुन्हा पाव घाईत, पुन्हा पाव रेंगाळत. दहा अंशांनी वाकलेल्या सांध्यात इकडे शंभरची चाल असेल तर तिकडे ती कधी साडेअठ्ठ्याण्णव होते, कधी साडेएकशेएक. दुसऱ्या कोणी हा दोष म्हणून कपाळाला हात लावला असता. हूकच्या लक्षात आलं की, सूर्याची सावली सपाट तबकडीवर अशीच सरकते, कधी भराभर तर कधी सावकाश. मग ह्याच सांध्याने काटा सावलीच्या चालीने चालवता येईल! आणि ज्याला सारखीच चाल हवी असेल त्याच्यासाठी १६८३ साली त्याने उपायही सांगितला. एकाऐवजी दोन सांधे घ्या. पहिला घाई करील तेव्हा दुसरा रेंगाळेल, अशा बेताने बसवा, हिशेब शून्य.

हे वाचून मला संसाराची आठवण झाली. एकाचा पारा चढला की दुसऱ्याने पाणी प्यावं, म्हणजे घर चालतं. दोघांचा एकदम चढला तर मग भांडी बोलतात.

पण त्यासाठी एक अट आहे, आणि ती वाचताना माझ्या पोटात गोळा आला. मधल्या दांड्याच्या दोन टोकांचे दोन चिमटे एकाच पातळीत हवेत. हा उभा तर तोही उभा. एक उभा आणि दुसरा आडवा बसला, तर दोन्ही सांधे एकदमच घाई करतात आणि एकदमच रेंगाळतात. साडेअठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव होतात आणि साडेएकशेएकचे एकशेतीन. ताशी पन्नासला आमच्यासारख्या गाडीचा दांडा मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला चार हजार हिसके, आणि ते सगळे त्या सुयांवर! मुलांच्या गुदगुल्या त्याच.

पुस्तक मिटून मी घरी आलो. बॅटरी घेऊन, नवी लुंगी नेसून गाडीखाली शिरलो. पुढचा चिमटा उभा होता. मागचा आडवा होता.

आता सांगतो. १९८३ च्या दिवाळीत आमचे मेहुणे आले होते. त्यांनी भेट म्हणून ग्रीसची पिचकारी आणली होती. मिस्त्रींनी 'ग्रीस मारत चला' म्हटलं होतंच. दांडा काढूनच साफ करू, म्हणजे काम पक्कं होईल, असं आमचं ठरलं. खाली उतरवताना दांड्याचा एक भाग मेहुण्यांच्या हातात राहिला आणि दुसरा माझ्या पोटावर आला. दांड्याला मधे एक सरकता जोड असतो. चाकं वरखाली झाली की दांडा किंचित लांब-आखूड व्हावा म्हणून त्याला दाते असतात, आणि ते दाते कसेही बसवले तरी बसतात. आम्ही कसेही बसवले. बसताना 'खट्' असा इतका समाधानाचा आवाज झाला की मेहुणे म्हणाले, "बघा, मिस्त्री-बिस्त्री काही लागत नाही." मी त्यांना चकली आणि चिवडा दिला.

त्याच हिवाळ्यात कोकणात जायचं म्हणून मागच्या पाट्यांत मी एकेक जादा पाटा घालून घेतला होता. मिस्त्री नको म्हणत होते. त्यामुळे मागचा भाग उचलला गेला आणि दांड्याचे दोन्ही सांधे जास्त वाकले. साधा कोन असता तर आमची चूक कदाचित निभावूनही गेली असती. गंमत अशी की, पाट्याचा नियमही हूकचाच, जेवढा ताण तेवढा जोर. आणि तो त्याने पहिल्यांदा जाहीर केला तो त्याच १६७६ च्या पुस्तकात. शेवटी पान रिकामं राहत होतं म्हणून त्याने आपले काही शोध अक्षरं उलटसुलट करून कोड्यात घातले; स्प्रिंगचं कोडं चौदा अक्षरांचं. उत्तर दिलं १६७८ मध्ये. म्हणजे माझी दोन्ही पापं एकाच पुस्तकात एका माणसाने तीनशे वर्षं आधी लिहून ठेवली होती.

पण ही पापं लहान. खरं पाप वेगळंच. फेब्रुवारीत, म्हणजे पहिल्यांदा नवा क्रॉस गेला तेव्हा, मिस्त्री गाडीखालून बाहेर आले होते आणि त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "साहेब, दांडा मधे कोणी खोलला होता का?"

आणि मी म्हणालो होतो, "छे, कोणी हात लावला नाही."

का म्हणालो? पुढे दुकानात दोन लोक उभे होते. मी बी.ए. झालेला माणूस लुंगी नेसून गाडीखाली झोपलो होतो, हे सांगायची लाज वाटली. एवढंच कारण. डॉक्टरांना आपण 'पथ्य पाळलं' म्हणून सांगतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी ताशी वीसच्या चालीने, चिंव चिंव करत नाना पेठेत गेलो. वाटेत वाक्यं तयार केली होती. हूकपासून सुरुवात करून मग हळूहळू स्वतःकडे यावं, असा बेत होता. पण मिस्त्री समोर आले आणि तोंडातून निघालं, "मिस्त्री, दांडा मी खोलला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात, मग मला वाटलं पहिल्या मालकाने दुसऱ्या गाडीचा दांडा घातला असेल. तिचं तसंच असेल. दुसऱ्याचं काम उगीच कशाला फिरवायचं." मग त्यांनी पोराला हाक मारली, दांडा उतरवला, जोड रॉकेलने पुसला. मळाखाली दोन भागांवर दोन बाण कोरलेले निघाले. बाणासमोर बाण यायला हवा होता. तो पाव फेऱ्यावर होता. मिस्त्रींनी पोराला जवळ बोलावून ते दाखवलं, बाण जुळवून दाते बसवले आणि दोन्ही बाणांवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला. क्रॉस नवे घातले, जादा पाटे काढून माझ्या डिकीत छत्रीशेजारी ठेवले.

काम चालू असताना मी त्यांना सगळं सांगितलं. शॉटची चूक, हूकचे दोन सांधे. १८९८ सालच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकवीस वर्षांच्या लुई रेनोने साखळीऐवजी दांडा घातलेली आपली चिमुकली मोटार पॅरिसमधल्या एका उभ्या चढणीवर चढवून दाखवली आणि त्या रात्रीत बारा मागण्या मिळवल्या, ते. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या विद्यार्थ्याने साखळीची कटकट घालवायला हा सांधा मोटारीसाठी बेतला, १९०३ साली पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी कारखाना काढला, तेही. "स्पायसर म्हणजे आपलं औंधचं कॉलेज?" पोराने विचारलं. ते एका मिशनऱ्याच्या नावाचं, हा इंजिनीयर वेगळा, असा खुलासा केला. पोराला तो फारसा पटला नसावा.

मिस्त्रींनी हात पुसत एकच विचारलं. "तो हूकसाहेब, त्याची गाडी कुठली होती?"

"गाडी नव्हती हो. तो सूर्य बघत होता."

"मग बरोबर," ते म्हणाले. "गाडी असती तर एवढा विचार करायला वेळ मिळाला नसता."

मी ग्रंथालयापासून मुद्दाम पाकिटात पैसे ठेवले होते. क्रॉसचे त्यांनी छापील किमतीने घेतले. मजुरी विचारली तर म्हणाले, "फिरवून बसवायला काय लागतं? राहू द्या. जूनमधले पंधरा राहिलेत, तेवढे द्या."

मी वीसची नोट दिली. त्यांनी गल्ल्यातून पाच रुपये शोधून परत केले.

घरी येताना गाडी लक्ष्मी रोडवरून आणली. बराच वेळ ही गप्प होती. मग म्हणाली, "कसं चुकल्यासारखं वाटतंय नाही, चिमणीशिवाय?"